फणसाखालची म्हातारी

तुमच्या नळाला नदीचं पाणी येतं ना? मग नदीतून म्हातारी माणसं येतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घाटातल्या रानात पानं, साली, मुळं वर्षानुवर्षं कुजत पडतात, त्यांची ही माणसं होतात आणि पाण्याबरोबर खाली येतात. चहासारखा रंग, जड अंग आणि लांबलचक बोलणं. तशी ती निरुपद्रवी असतात. पण त्यांच्यामुळे पाणी पिवळट दिसतं, आणि क्लोरीनशी त्यांची गाठ पडली की भलतंच काही तयार होतं. म्हणून कोंडवण्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्यांना आधी ओझोनच्या टाकीतून काढतात.

टाकीत गेलेलं एक म्हातारं माणूस बाहेर येतं ते आठ-दहा चिमुकली होऊन. बोटभर उंचीची, बिनरंगाची, काचेसारखी. प्रत्येकाला एकच शब्द येतो. सगळ्यांना एकत्र तोललं तर वजन जवळपास पहिल्याइतकंच भरतं. पुढे कोळशाचा थर आहे. त्या थरात जे बारीक जीव राहतात त्यांना मोठं माणूस चावून खाता येत नाही, चिमुकली मात्र फार आवडतात. थरातून पाणी बाहेर पडतं तेव्हा त्यात कुणी उरलेलं नसतं.

कुमुद खोत तिथल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं कामाला होती. नदीचं पाणी केंद्रात शिरतं तिथे लोखंडी जाळी होती, तिथे रोज सकाळी जाऊन किती माणसं आली, रंग कसा, एवढं ती लिहून घ्यायची. त्या मंगळवारी अकरा आली होती. अकरावी म्हातारी जाळीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"कुमे, केस पिकले की गं तुझे."

कुमुदचं पेन थांबलं. तिला कुमे म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"तुम्ही कुठल्या, आजी?"

"तुमच्या परसातल्या फणसाखालची. तुझी आई रोज पानं झाडून माझ्यावरच लोटायची."

कुमुद नऊ वर्षांची असताना शाळेसाठी मामाकडे राहायला निघाली. निघताना आईशी भांडण झालं. कशावरून, ते तिला आता आठवत नव्हतं. "जा, आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," असं म्हणून आईने दार लावून घेतलं होतं. त्याच पावसात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आई तापाने गेली. कुमुद त्या घरी परत गेली नाही. भाऊ दर गणपतीला बोलवायचा, आणि ती दर गणपतीला काहीतरी कारण सांगायची.

"मी गेल्यावर आई काही बोलली होती का?"

"बोलली की. पण पहिल्यापासून ऐकावं लागेल हो. मला मधूनच नाही सांगता येत."

आणि म्हातारीने मातीपासून सुरुवात केली.

बारा वाजेपर्यंत तिच्या गोष्टीतल्या फणसाला दुसरं पान फुटलं होतं. कुमुदने अर्ज लिहिला: एक व्यक्ती नमुना म्हणून दोन दिवस राखून ठेवण्यास परवानगी मिळावी. केंद्रप्रमुख फडतरे साहेबांनी तो दोनदा वाचला.

"खोतबाई, नमुना एक लिटरच्या बाटलीत ठेवतात. या बसतील बाटलीत?"

"नाही, साहेब."

"फ्रिजमध्ये?"

"पाय बाहेर राहतील."

"बघा. आज तुमच्या ओळखीच्या ठेवल्या, की उद्या ढवणांचे आजोबा येतील. त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"आमचे आजोबा नकोत, साहेब," दारात उभा असलेला ऑपरेटर ढवण म्हणाला. "ते अजून माझे दहावीचे मार्क विचारतील."

साहेबांनी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं. टाकीची चार वाजताची फेरी ठरल्याप्रमाणे होणार होती.

चारला पाच मिनिटं असताना म्हातारी त्या दिवसापर्यंत पोचली. "तू गेलीस, त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. खराटा खाली ठेवला. आणि म्हणाली..."

भोंगा वाजला. म्हातारी उठली, तिने पदर सारखा केला. "येते हं," म्हणाली, आणि बाकीच्या दहांबरोबर टाकीत उतरली.

टाकीच्या पुढच्या नळीला एक काचेची खिडकी आहे. कुमुद तिथे कान लावून उभी राहिली. चिमुकली वाहत येऊ लागली. बाकीची समोर बघत जात होती. म्हातारीची तेवढी खिडकीपाशी आली की मान वळवून कुमुदकडे बघत, आणि आपला शब्द बोलत.

"फणस." "खराटा." "कुमेला." "सांगा." "मी." "दार." "ठेवलंय."

एक मात्र केव्हाच पुढे निघून गेलं होतं. त्याची पाठ तेवढी दिसली. दार आणि ठेवलंय, यांच्या मधला शब्द त्याच्याकडे होता.

कोळशाचा थर तिथून दोन मिनिटांवर होता. थर टाळून पाणी थेट पुढे सोडणाऱ्या बायपासच्या चाकाला कुमुदने हात घातला.

"बाई!" ढवण धावत आला. "सगळी गावात जातील. लोकांच्या पोटात."

"जाऊ देत."

"पोटात गेलं की शब्द जिभेवर बसतो. मग दुसरा फुटत नाही. किती दिवस, ते कुणी सांगावं?"

"ढवण, छत्तीस वर्षं झाली."

ढवणने तिच्याकडे पाहिलं. मग चाकाकडे. चाक गंजलं होतं, एकटीला फिरत नव्हतं. त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला.

"मी चहाला गेलो होतो असं लिहा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवण्यातला दूधवाला घराघरापुढे थांबून "शेवाळ" म्हणाला. शाळेत मुख्याध्यापिका प्रार्थनेला उभ्या राहिल्या आणि "खराटा" म्हणाल्या. मुलांनी हात जोडून "खराटा" म्हटलं. सव्वानऊला फडतरे साहेब कुमुदच्या नावाची नोटीस घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांनी नोटीस टेबलावर ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "उघडं."

"साहेब, परत एकदा सांगता?"

"उघडं," साहेब रागाने म्हणाले.

कुमुदने नोटिशीवर सही केली. मग दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, कारणापुढे 'माहेरी जाणे' असं लिहिलं. साहेबांनी तो मंजूर केला, आणि साडेदहाच्या एसटीने ती गेली.