हॉलमध्ये जे निघेल त्यात सटवाजी

आमच्या गावच्या हॉलमध्ये नवीन काहीही निघो, पहिलं नाव सटवाजीचं. बालवाडी निघाली तेव्हा हा पन्नाशीतला गडी मांडी घालून लेकरांच्या पुढं बसला. ताईनं विचारलं, "मामा, नातू कुठंय?"

"मीच आलोय. गाणं शिकवा."

शिवणाचा वर्ग निघाला तर बायांच्या रांगेत मशीनवर हा. त्यानं शिवलेल्या झबल्याला तीन बाह्या झाल्या. "राहू द्या एक जास्तीची, फाटली तर कामाला येते," म्हणाला.

सटवाजी माझ्या बराबरीचा. बाळापूरच्या रस्त्याला आमचा हा दगडी हॉल निजामाच्या काळी करोडगिरीचा नाका होता, आल्यागेल्या मालावर तिथं कर घेत. मग त्यात शाळा भरली. आम्ही दोघं तिथंच चौथीपर्यंत शिकलो आणि तिथंच शाळा सोडली. पुढं रेशनचं गोदाम झालं. मग लग्नं लागायला लागली. माझंही तिथंच लागलं. आमच्यावर फुलं पडायच्या आधी सटवाजी पंगतीत बसला होता. कुणी टोकलं की त्याचं एकच, "हॉल समद्यांचा हाय. मी समद्यांत येत न्हाई का?"

औंदा हॉलात अभ्यासिका निघाली. पोरं-पोरी तलाठ्याच्या, पोलीस भरतीच्या परीक्षेचं वाचतात. सटवाजीनं कुणाचं तरी जाडजूड पुस्तक मागून आणलं आणि खुर्ची धरली. पुस्तक उघडायचं की पाचव्या मिनिटाला घोरायचं. आधी पोरं हसली. परीक्षा जवळ आली तसं हसणं संपलं. खुर्च्या कमी, पोरं दारात उभी राहून वाचायची.

प्रज्ञा नावाची पोरगी माझ्याकडं आली. "आजोबा, तुमी हॉलच्या कमिटीत हाव, तुमीच त्यांना सांगा. माझी ही शेवटची परीक्षा हाय. पुढं वय बसत न्हाई."

पोरीचं बराबर होतं. आणि खरं सांगतो, माझा सटवाजीवर रागच होता. दिवाळीनंतर माझी बायको गेली. सारं गाव बसायला आलं, हा आला नाही. हॉलात तिच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना ठेवली तर तिथं मात्र शेवटच्या रांगेत हजर! मी तेव्हाच मनात म्हटलं, हॉलात असलं तरच येतो लेकाचा.

दुपारी गेलो आणि त्याला ओट्यावर बोलावलं.

"सटवा, उद्यापासून खुर्ची सोड. लेकरांच्या पोटाचा सवाल हाय."

मला वाटलं, भांडेल. तो भांडला नाही. "उद्या काहून? आत्ताच सोडतो," म्हणाला. आत जाऊन पुस्तक घेऊन आला. त्याच्या खुर्चीवर प्रज्ञानं दारातल्या एका पोराला बसवलंही.

सटवाजी ओट्यावरच टेकला. "घरी मला डोळा लागत न्हाई रे. तिथं कुनी खोकलत न्हाई, कुनी पान उलटत न्हाई. लगीन झालं न्हाई, माय गेली, तवापासून असंच." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्याकडं बसायला आलो न्हाई. तुझ्या दारापासून दोनदा वापस फिरलो. आनखी एक घर तसं झालेलं मला बघवलं न्हाई."

मी त्याला काय काय ऐकवायचं ठरवून आलो होतो. मी त्याच्या शेजारी बसलो. आत पोरं वाचत होती.

त्यानं विचारलं, "वहिनी भाकर कशी करायची? जाड का पातळ?"

चार महिने लोक मला एवढंच विचारत होते, दुखणं काय होतं, दवाखाना कोणता केला.

"जाड," मी म्हणालो. आणि मग तिच्याबद्दल बोलताना मला थांबताच येईना.