फिरत्या वाड्याचे डावे चाक आणि जावयाचा मान

॥ श्रीचक्रपाणी सांभाळो ॥ शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी श्रीमंत भवानरावराजे आपला फिरता वाडा, ज्यास हल्लीचे लोक कॅम्पर व्हॅन म्हणतात, तो जातीने हाकीत घाटमाथ्यास आले. समागमे राणी आऊसाहेब, कन्या चिमाबाई, आणि नवे जावई हैबतराव, सासुरवाडीच्या स्वारीत प्रथमच, पांढरा शुभ्र झब्बा लेऊन. तो माथ्यावर पुढले डावे चाक पंक्चर जाहले. मग राजे उतरले, बाकी चाकांस धोंडे लाविले, आणि जॅक चढविण्याआधीच नट सैल करावे ही रीत जाणोन पाना लाविला. नट सहा. पाच सुटले. सहावा गंजलेला, हूं का चूं करीना. मग राजे पान्यावर चढोन उभे राहिले, वरून दणके दिले, आणि नट कर्रकन सुटला, आणि तेच क्षणी राजांची कंबर धरली. मग राजे कण्हत बाजूस बसोन सांगते जाहले, आणि मायलेकींनी जॅक चढवोन स्टेपनी बसविली, नट बोटांनी फिरविले, जॅक उतरविला. आता उरले ते मुख्य काम, चाक भुईस टेकल्यावर नट सारे बळ लावोन आवळणे. चिमाबाई पान्यास हात घालो गेली, तो आऊसाहेबांनी चिमटा काढिला, "अगं, जावई उभे आहेत ना! मान त्यांचा."

हैबतरावांनी जन्मात पाना धरिला नव्हता. परंतु येत नाही हे सासूसमोर बोलावे कैसे? मग झब्बा सावरोन, हळदीकुंकवाचे बोट लावावे तैसा पाना सहाही नटांस लाविला, आणि "झाले, मामासाहेब" ऐसे बोलोन हात पुसले. एकदा तपासावे की नाही? पण जावयाच्या कामावर हात फिरविणे म्हणजे त्याचे नाक कापणे, म्हणोन कोणी तपासले नाही. कपाळ आमचे, दुसरे काय!

मग राजे कंबर धरोन पुन्हा हाकावयास बसले आणि स्वारी घाट उतरो लागली. उजवे हाती कडा, डावे हाती दरी, आणि पहिल्याच वळणास चाकातून खटखट आली. राजे बोलिले, "रस्ता खराब आहे." आऊसाहेब बोलिल्या, "खराबच मेला." चिमाबाई नवऱ्याकडे पाहात राहिली. दुसऱ्या वळणास खटखटीची खडखड जाहली, स्टेअरिंग थरथरो लागले, आणि हैबतरावांस दरदरून घाम फुटला. बोलावे तर जन्माची शोभा, न बोलावे तर चौघे दरीत. दोन वेळा तोंड उघडिले आणि दोन वेळा मिटले. तिसरे वळण समोर आले, चाक डगमगताना अंगास कळो लागले, तो हैबतराव ओरडले, "थांबवा! मामासाहेब, थांबवा! मी नट आवळलेच नाहीत. मला येतच नाही हो!"

राजांनी ब्रेक हळूहळू दाबिला, आणि वाडा कठड्यास लागोन उभा राहिला. उतरोन पाहतात तो दोन नट गळोन गेलेले, उरलेले चार बोटाने फिरताहेत. आता राजे जावयास फाडोन खातात, ऐसे वाटले. परंतु राजे कठड्यावर बसले आणि खाली मान घालोन बोलिले, "पहिल्या वळणालाच ओळखलं होतं मी. पण जावयाला विचारू कसं?" आऊसाहेब डोळ्यांस पदर लावोन म्हणाल्या, "कळलं मलाही होतं." मग चिमाबाईचा संताप अनावर जाहला. "म्हणजे चौघांनाही ठाऊक होतं! आणि चौघंही मुकाट्यानं मरायला निघालो होतो?"

मग राजांनी दुसऱ्या दोन चाकांचा एकेक नट काढविला, पाना हैबतरावांचे हाती दिला, आणि एक आवळला की समोरचा आवळावा, हे बसल्या जागेवरून शिकविले. हैबतराव झब्ब्यासकट धुळीत बसले आणि पान्यास लोंबकळले. मग आऊसाहेबांनी पाना घेतला, जावयाने आवळलेला प्रत्येक नट त्याच्यादेखत पुन्हा आवळोन पाहिला, आणि तिसरा नट अर्धा फेरा फिरला तेव्हा "हा सैल होता हो" ऐसे स्पष्ट सांगितले. हैबतराव "बरं झालं, बघितलंत" इतुकेच बोलिले.

येणेप्रमाणे चार जीव वाचले. हल्ली त्या घराण्यात नवा जावई आला म्हणजे पाटावर बसविण्याआधी त्यास पाना देतात, आणि मागाहून सासूबाई नट तपासतात. जावई रुसत नाही. इति.