श्रीमंत हनोखराव यांनी शास्त्रवाचनाची मोहीम केली त्याची बखर

बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांस त्रिवार नमन करोन, लेखणी स्वच्छ धुवोन, पदरची मीठमिरची कमीत कमी घालीन ऐसी आण घेवोन हे वर्तमान लिहिले आहे. प्रभूचे सन दोन हजार सतरा, माहे जानेवारी, तारीख पहिली, वार रविवार, ते दिवशी एका राज्यावर थोर संकट आले. राज्याचे नाव सांगण्याची मोकळीक नाही. विस्तार म्हणाल तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे ओटा, ओट्यापुढे शेवगा, आणि पूर्वेची हद्द चर्चच्या कुंपणास लागलेली. तेथे श्रीमंत हनोखराव वाघचौरे राज्य करीत होते. पूर्वी शाळेत गणिताचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त होवोन गादीवर, म्हणजे आरामखुर्चीवर, स्थिर जाहले होते. पेपर तपासोन तपासोन त्यांचा हात ऐसा तयार जाहला होता की डोळे खिडकीबाहेर असावे आणि लाल पेन्सिलीने कागदावर खुणा मात्र धडाधड पडाव्या, समासात 'छान' ऐसा शेराही पडावा. राणीसाहेब फिबीबाई, शिक्षण इयत्ता चौथी, परंतु जिभेपुढे वकील पाणी भरतील. कन्या नाशिकास दिलेली, आणि प्रजा म्हणाल तर एक मांजर, तीही शेजाऱ्यांकडे जेवणारी.

तेथील चर्चच्या मंडळीत चाल ऐसी होती की नववर्षाचे उपासनेत ज्यास वाटेल त्याने उभे राहोन देवाच्या कृपेची साक्ष द्यावी. तेव्हा शेजारच्या राज्याचे अधिपती नथनेलराव भांबळ उठोन उभे राहिले, कोटाचे बटण लाविले आणि बोलिले, "गेल्या वर्षी आमच्या घरात रोज शास्त्र वाचलं गेलं. फक्त तीन दिवस चुकलं, तेही पाहुणे होते म्हणून." मंडळीने मोठ्याने हालेलुया म्हटले. हे ऐकोन हनोखरावांचे अंगाचा तिळपापड जाहला. मनात इतकेच होते की उठावे, देव बरा आहे म्हणावे आणि बसावे. परंतु उठले आणि जिभेने दगा दिला. म्हणाले, "आमच्या घरी तीस वर्षं रोज वाचन होतं. एका दिवसाचा खंड नाही!" मग काय विचारता! हालेलुयाने पंखे हालले. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब अनुग्रह ठोंबरे, तरुण गृहस्थ, नवीनच बदलून आलेले, भाबडे आणि म्हणोनच फार धोक्याचे, ते हर्षभरित होवोन बोलिले, "काका, मी एखाद्या संध्याकाळी न सांगता तुमच्या घरी येऊन वाचनाला बसेन. मला शिकायचंय." हनोखराव हसोन मान डोलाविते जाहले.

स्वारी घरी परतली. फिबीबाईंनी दारास कडी घातली आणि मग तोफ डागली. "तीस वर्षं? अहो, माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी काय त्या घरात नव्हते? कुठल्या घरी वाचत होतात ते तरी सांगा!" श्रीमंत म्हणाले, "अगं, तोंडातून निघून गेलं." त्या म्हणाल्या, "निघून गेलं ते आता पाळकसाहेबांना घेऊन परत येणारे. बघा काय करायचं ते." आणि खरी स्थिती ऐसी होती की राज्यातील पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, लग्नात आहेर आलेले, काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, वरोन गाठ मारलेले. आत रेशनकार्ड, कन्येचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि मोराचे एक पीस. रविवारी चर्चला नेण्याची प्रत निराळी, ती लहान, आणि तिच्यात पाळकसाहेब सांगतील ते पान उघडावे, उपासना संपली की मिटावे, ऐसा रिवाज. हनोखराव माणूस वाईट नव्हे. देवावर श्रद्धा होती, जेवणाआधी प्रार्थना होती, नाताळात ताऱ्याचा आकाशकंदील सर्वांआधी त्यांचाच लागे. केवळ वाचन तेवढे राहोन गेले होते. उद्यापासून करू म्हणता म्हणता एकतीस वर्षे निघोन गेली होती, आणि चारचौघांत उघडे पडण्याच्या भयाने श्रीमंतांस घास गोड लागेना.

मग मसलत जाहली. मसलतीस श्रीमंत एकटेच होते. ठरले ऐसे की ग्रंथ वाचलेला दिसला पाहिजे. सबब पिशवीची गाठ सोडिली, ग्रंथ उघडिला, तो त्याची पाठ ऐसी कडकडा वाजली की मांजर ओट्यावरोन उडी टाकोन गेले. मग पानांस बोटांचे तेल लाविले, एका पानावर चहाचे दोन थेंब पाडिले, आणि लाल पेन्सिल व फूटपट्टी घेवोन मोर्चा लाविला. तीस वर्षे वाचणाराचे ग्रंथात रेघा असतातच, आणि रेघा मारणे हे तर श्रीमंतांचे घरचे काम. एका दुपारी पहिला भाग सर केला, दुसरे दुपारी आणखी दोन, डोळे शेवग्यावर आणि हात कागदावर. जेथे ओळ नीट सरळ दिसे तेथे रेघ, जेथे एकच वाक्य फिरफिरोन येई तेथे तर हमखास रेघ, आणि समासात 'छान'. फिबीबाई पलीकडे लसूण सोलीत होत्या. म्हणाल्या, "वाचून तरी मारा की हो रेघा." श्रीमंत म्हणाले, "वाचत बसलो तर वर्ष जाईल!" फिबीबाई म्हणाल्या, "मग वर्षच तर जायचंय ना?" श्रीमंतांनी पट्टी पुढे सरकाविली.

ऐसी फौज दौडत दौडत 'शास्ते' नामक भागाच्या मुलखात आली, तारीख सोळा, वार सोमवार, दिवेलागणीची वेळ, आणि पेन्सिलीचे टोक मोडले. टोक करिता करिता श्रीमंतांची नजर पानावर पडली आणि तेथेच अडकोन राहिली. काय की एक डावखुरा वीर, नाव एहूद, मांडीस कपड्याआड कट्यार बांधोन एका अति लठ्ठ राजाकडे नजराणा घेवोन जातो, एकांतात गुप्त बोलणे आहे म्हणतो, आणि डाव्या हाताने कट्यार ऐसी खुपसतो की मूठसुद्धा चरबीत गडप होते. बाहेर चाकर उभे, त्यांस वाटते की महाराज शौचास बसले आहेत, म्हणोन दारच ठोठावीत नाहीत. हनोखराव मोठ्याने हसले. फिबीबाई म्हणाल्या, "काय झालं?" श्रीमंत म्हणाले, "हे बघ, हे शास्त्रात आहे!" फिबीबाई म्हणाल्या, "शास्त्रात कसलं असेल असलं काही?" मग श्रीमंतांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचोन दाखविले, आणि लसूण तैसाच राहिला. वाचन संपले तेव्हा राणीसाहेब बोलिल्या, "आणि तो पळाला की सापडला?" "पळाला." "बरं झालं. उद्या काय आहे?"

त्या दिवसापासून ऐसे जाहले की सायंकाळी सात वाजले, फिबीबाईंनी कुकर चढविला, हात पुसले आणि पाटावर बसल्या, की श्रीमंतांनी चष्मा लावावा आणि एक अध्याय वाचावा. एका बाईने तंबूची मेख ठोकोन सेनापती मारिला तेव्हा फिबीबाई म्हणाल्या, "हात बाई हात! आमच्या महिला मंडळात अशी एक पाहिजे." शमशोनाने बायकोस गुपित सांगितले तेव्हा श्रीमंत म्हणाले, "बघ, म्हणून नवरे काही सांगत नाहीत," आणि राणीसाहेब म्हणाल्या, "चर्चमध्ये सांगतात, घरी नाही." कोणे दिवशी वाचन कंटाळवाणे असे, यादीच्या मागे यादी लागे, आणि कोणे दिवशी श्रीमंतांस ऐसा एखादा शब्द लागे की ते पुढे न वाचता शेवग्याकडे पाहात बसत. रेघ मारणे केव्हा बंद जाहले ते श्रीमंतांसही कळले नाही. आणि मनात मात्र एक काटा रुतोन राहिला होता. रोज वाचावे आणि रोज त्या साक्षीची आठवण व्हावी. पूर्वी भय होते की लोक हसतील. आता निराळेच जाहले होते. ज्याचे पुस्तक, त्याच्याच घरात उभे राहोन खोटे बोललो, ही लाज वाटू लागली होती.

माहे मार्च, तारीख अठ्ठावीस, वार मंगळवार, सात वाजले. दावीद राजावर पोटचा पुत्र अबशालोम उलटला होता, लढाई जुंपली होती, आणि अबशालोम खेचरावर बसोन पळता पळता त्याचे डोके झाडाच्या फांद्यांत अडकले, खेचर खालून निघोन गेले, आणि तो अधांतरी लटकत राहिला. इतके वाचले आणि दार वाजले. पाळकसाहेब! फिबीबाईंनी पदर सावरला, श्रीमंत उभे राहिले, आणि पाहुणे पाटावर बसोन म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. पण त्याआधी ते शास्त्र जरा बघू का? तीस वर्षं वाचलेलं शास्त्र हातात घ्यायचंय." ऐसे म्हणोन ग्रंथ मांडीवर घेतला आणि पहिल्यापासोन पाने उलटू लागले. रेघा पाहोन चेहरा फुलला. मग आदामाच्या वंशावळीचे पानावर बोट थांबले, आणि पाळकसाहेब एकेक रेघ मोजू लागले.

अखेर म्हणाले, "काका, इथं आठ जण मरतात. आठांच्याही मरणाखाली रेघ आहे, आणि समासात 'छान' लिहिलंय." मग बोट एका कोऱ्या ओळीवर आणिले. "आणि या सगळ्यांत एकच माणूस असा की तो मेला असं लिहिलेलं नाही. देवाबरोबर चालला, आणि देवानं त्याला नेलं. त्याच्याखाली तेवढी रेघ नाही. त्याचं नाव हनोख आहे, काका." आत कुकरने शिटी दिली. फिबीबाई पुढे जाहल्या, म्हणाल्या, "पेन्सिल मोडली असेल हो साहेब, यांच्या पेन्सिली कायम मोडतात." वाट तयार होती. हो म्हणावे, हसावे, चहा मागवावा, की प्रकरण मिटले. पाळकसाहेबांचाही चेहरा ऐसा की ते मिटावे हीच त्यांची इच्छा. परंतु हनोखराव खाली बसले, चष्मा काढिला आणि म्हणाले, "पेन्सिल मोडली नव्हती. मी वाचलंच नव्हतं. माझं स्वतःचं नाव कुठं आहे ते मला साठ वर्षांत माहीत नाही. तीस वर्षं खोटी. बहात्तर दिवस खरे, तेवढे मोजून खरे." पाळकसाहेबांनी ग्रंथ मिटोन त्यांच्या हाती दिला, म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही, काका. पण साक्ष तुम्ही मंडळीत दिली होती. पुढचं तुम्ही ठरवा." आणि चहा न घेता गेले.

मग चार दिवस राज्यात सुतक. सात वाजत, कुकर होई, पाट मांडिला जाई, आणि श्रीमंत ओट्यावर पाठ फिरवोन बसत. तारीख दुसरी एप्रिल, रविवार, उपासनेत सूचना जाहल्या आणि श्रीमंत उठोन उभे राहिले. म्हणाले, "एक जानेवारीला मी इथं खोटं बोललो. आमच्या घरी तीस वर्षं वाचन नव्हतं. भांबळांना हालेलुया मिळाला म्हणून मी बोललो. देवानं आणि तुम्ही मला क्षमा करावी." आणि बसले. हालेलुया कोणी म्हटले नाही. मागे कोणी खोकले, नथनेलराव रुमालात तोंड घालोन बसले, ते हसत होते की काय ते देव जाणे, आणि पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. बाहेर पडताना चौघांनी श्रीमंतांकडे पाहिले आणि चौघांनी नजर चुकविली.

सायंकाळी श्रीमंत भिंतीकडे तोंड करोन निजले होते. म्हणाले, "ते पुस्तक ठेव आत कपाटात. आता कोण बघायला येणारे?" फिबीबाई दारात उभ्या होत्या, हाती ग्रंथ. म्हणाल्या, "ठेवते की. पण तो पोरगा मंगळवारपासून झाडाला लटकलाय. त्याला आधी खाली उतरवा." "कोण पोरगा?" "कोण काय? राजाचा! चार रात्री मला तोच दिसतोय. जिवंत आहे की मेला, काही कळायला नको? बघायला कोणी नसेल येत. मी ऐकायला आहे ना?" श्रीमंत उठले, तोंडावर पाणी मारिले आणि चष्मा लाविला.

वाचन सुरू जाहले. यवाब सेनापतीने राजाज्ञा मोडोन लटकलेल्या पोरास भाले मारिले, तेव्हा फिबीबाई कडाडल्या, "मुडदा बसो त्या यवाबाचा! बापानं सांगितलं होतं ना सांभाळा म्हणून!" मग जासूद धावत आले, जिंकलो म्हणाले, आणि राजा विजयाचे काही पुसेना, माझा पोरगा बरा आहे ना, इतकेच पुसे. खरे कळले तेव्हा तो वेशीवरल्या खोलीत चढोन गेला आणि पोराचे नाव घेत रडत सुटला. तेथे हनोखरावांस ओळ पुरी करवेना. ज्या पोराने अब्रू घेतली, घर फोडिले, जिवावर उठला, त्याच्यासाठी ऐसा रडणारा बाप त्यांनी प्रथम पाहिला, आणि आपणही कोणा बापाचे पोर आहोत हे त्यांस तेव्हा कळले. सकाळपासोन डोळ्यांत न आलेले पाणी तेथे आले. फिबीबाई पदराने डोळे पुसीत बसल्या. मग जळका वास आला.

"गेला भात!" म्हणोन राणीसाहेब उठल्या, आतून म्हणाल्या, "उद्या काय आहे?" श्रीमंतांनी नाक शिंकरिले, पान उलटोन पाहिले, म्हणाले, "राजा रडायचा थांबतो, आणि परत गावाकडे निघतो." फिबीबाई म्हणाल्या, "मग उद्या भात आधी करून ठेवते."

येणेप्रमाणे मोहीम जाहली. तीस वर्षांची कीर्ती एके सकाळी गेली आणि वाचन राहिले. पुढे मंडळीत श्रीमंतांस त्याविषयी कोणी पुसले नाही, आणि श्रीमंतांनीही कोणास सांगितले नाही. इति.