दामल्यांची मंडळी

आमच्या वरच्या मजल्यावरचे दामले प्रसाद घेण्याआधी हातावर स्पिरिट फवारतात. मग प्रसाद देणाऱ्याच्याही! सत्यनारायणाचा शिरा पुढे केला तर माझ्या सुनेला म्हणाले, "सूनबाई, आधी हात." पोरगी रडायचीच बाकी होती.

हे म्हणे डॉक्टर. तापाची गोळी विचारा, तोंडाकडे बघत बसतील. प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीतल्या बारीक पेशी बाटलीत वाढवायच्या, मग त्यांच्यावर किरण सोडून कुणाच्या किती मरतात ते मोजायचं, हा यांचा उद्योग. मी चौथी शिकलो, कलकत्त्याच्या बेहाला भागात जन्मभर लेथ चालवला, पण केलेला नट मोडून बघितला नाही. तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणतात, "आबा, मोघम बोलू नका!" यात मोघम काय होतं?

बारसं असो, लग्न असो, "माझ्या मंडळींना जेवण द्यायचंय" म्हणून गृहस्थ पसार. बायकोच्या श्राद्धालासुद्धा गुरुजींना ताटकळत ठेवलं.

यंदा दुर्गापूजेच्या अष्टमीला मीच त्यांना ठाकूर, म्हणजे मंडपातल्या देवी, बघायला ओढून नेलं. सगळं कलकत्ता नवे कपडे घालून रस्त्यावर, आणि हे महाशय पहिल्याच मंडपातून मला घेऊन प्रयोगशाळेत! माझ्या डोक्याला टोपी, पायांना पिशव्या. वर धोतर. काय शोभा!

उबदार कपाटातून त्यांनी चपटी बाटली काढली. आत गुलाबी पाणी.

"या हिच्या," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोला कॅन्सर होता. चारचौघांना सोसतात तेवढेच किरणांचे शेक दिले, तरी ती होरपळली. का, ते कळावं म्हणून कातडीचा तुकडा तिनेच दिला होता. बाकी बाटल्या प्रयोगात संपल्या. ही शेवटची, आणि यातल्या पेशीही आता थकलेल्या. प्रयोगशाळेच्या साहेबांना हिच्यावरही किरण सोडून हवे होते.

तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. दामल्यांनी बाटलीकडे पाहिलं.

"नहीं सर. वो सेल्स तो मर गए."

धडधडीत खोटं! ते मात्र शांतपणे जुनं पाणी काढून नवं घालत होते; हेच मंडळींचं जेवण.

"एकदा सोसलं तिने, आबा. पुरे."

मग बाटली दुर्बिणीखाली ठेवून मला म्हणाले, "बघा." मी डोळा लावला. फिकट, लांबट रेघा. मला त्यातलं काय कळणार? पण माणूस शेजारी श्वास रोखून उभा.

म्हटलं, "बऱ्या दिसतात की वहिनी."