नळ कचेरीतला दुहेरी थर

नळजोडणीच्या कचेरीतली बसण्याची व्यवस्था नुकतीच शास्त्रीय पायावर आणण्यात आली होती. कारकुनांच्या दोन रांगा. बाहेरच्या रांगेची तोंडं जनतेकडे, आतल्या रांगेची साहेबांकडे आणि सगळ्यांचे पाय मागे दुमडून मधल्या पोकळीत. मागे वळून बघायला सक्त मनाई.

जीवशास्त्राच्या निवृत्त बाई अर्ज घेऊन आल्या. घरी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, नळ कोरडा ठणठणीत आणि तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवून चढवून बाईंच्या गुडघ्यांनी हात टेकलेले.

बाहेरच्या कारकुनाने अर्ज अदबीने घेतला आणि न वळता पाठीमागे टाकला. मधे गुडघाभर अर्ज साचले होते.

"अहो, तो आत द्या की! मला पाणी हवंय."

"तीच तर अडचण आहे, बाई. चरबीच्या थरातून पाणी जात नाही."

बाईंना वाक्य ओळखीचं वाटलं. इतक्यात आतून साहेबच उभे राहिले. "ओळखलंत का, बाई? शेवटचा बाक! पेशीचा पडदा, स्निग्ध रेणूंचे दोन थर, पाणी आवडणारी डोकी बाहेर, पाण्याला भिणाऱ्या शेपट्या आत. सगळं तुमचंच. या रचनेबद्दल मला वरून शाबासकी आली."

बाईंचा ऊर क्षणभर भरून आला. मग बहीण आठवली. "अरे गधड्या, त्या पडद्यात पाण्यासाठी प्रथिनांची दारं असतात!"

"असतील. ते परीक्षेला येणार नाही म्हणून तुम्हीच पान उलटायला लावलंत." साहेब दुखावले होते. "स्निग्ध पदार्थ मात्र पडद्यातून थेट आरपार जातात, हे तुम्ही दोनदा लिहून घेतलं होतं."

या मुलाला बाईंनी दोनदा नापास केलं होतं. त्या दोन्ही रांगांवरून वाकल्या आणि साहेबांना हळूच काहीतरी लोण्यासारखं म्हणाल्या. साहेब लाजून लाल झाले. रांगा आपसूक बाजूला सरकल्या. संध्याकाळी नळाला धो धो पाणी आलं.

खालची शेजारीण रिकामी बादली घेऊन धावत वर आली. "बाई, कसं हो जमवलंत?"

बाईंनी तिला पडदा समजावला, थर समजावले, या वेळी दारंही समजावली. कचेरीत दारं बसवा म्हणून आपण सगळ्या मिळून भांडू या, म्हणाल्या.

"ते राहू द्या हो," शेजारीण म्हणाली. "साहेबांना काय म्हणालात, तेवढं सांगा."

वाचकहो, तिला हसू नका. मघापासून तुम्हीही त्याच वाक्याची वाट बघताय.