सयाजी वेटोळेची पोटजात

एका जंगलात, मुलांनो, एकही झाड नव्हतं. हसू नका. नुसती तांबडी वाळू, उंच कडे, खोल दऱ्या आणि इथे-तिथे खुरटी झुडपं. तरी सरकारदरबारी ते जंगलच होतं. तिथे खुळखुळे साप राहत. त्यांच्या शेपटीला खुळखुळा असतो. तो वाजला की समजायचं, साहेब चिडलेत.

त्यांतलाच एक सयाजी वेटोळे. स्वभावाने गरीब, विषाने श्रीमंत. बायकोचं नाव धुरपदा. दर हिवाळ्यात सगळे साप एकाच मोठ्या गुहेत ढीग करून झोपत. ढिगात सयाजीची जागा ठरलेली, धुरपदेच्या शेजारी.

एके दिवशी तिथे लांबकाने मास्तर नावाचा ससा आला. सापांचा गाढा अभ्यासक. अभ्यास तो उंच शिळेवर बसून, लांबूनच करी.

"तुम्ही सगळे एक नाही," मास्तर म्हणाला. "शेपटीवरचे पट्टे बघा, जात कळेल. नाकावरचे खवले बघा, पोटजात कळेल."

सापांनी आजवर एकमेकांचं नाक कधी निरखलं नव्हतं. आता दुसरं काही बघेनात. शिकारीचीही आठवण राहिली नाही. मास्तर शिळेवरून उतरून निवांत पाला खाऊ लागला.

सयाजीचा निकाल लागला. उत्तर-दरी खुळखुळा.

"सर्वांत अस्सल पोटजात!" मास्तर म्हणाला. असं तो प्रत्येकालाच म्हणत होता. पण सयाजीची मान ताठ झाली. सापाला मान कुठे असते, ते मला विचारू नका.

धुरपदा मात्र दक्षिण-दरीची निघाली.

"एक खवला कमी आहे गं तुला," सयाजी गंभीरपणे म्हणाला.

"अहो, इतकी वर्षं शेजारी झोपलात. तेव्हा नाही मोजलेत?"

"तेव्हा अज्ञान होतं."

हिवाळा आला. उत्तर-दरीच्या अस्सल मंडळींनी आपली वेगळी गुहा धरली. मंडळी मोजकीच. त्यांचा ढीग कसला, नुसती जुडी. बोचरा वारा आत शिरला आणि सयाजीचा खुळखुळा वाजू लागला. रागाने नव्हे, हुडहुडीने.

शेवटी तो सरपटत जुन्या गुहेपाशी गेला.

"कोण आहे?" आतून धुरपदेने विचारलं.

"मी. सहज आलो होतो. तुमच्याकडची थंडी कशी आहे ते बघायला."

"आत या. आणि दार अडवू नका, तुमच्यामागे रांग लागलीय."

सयाजीने वळून पाहिलं. सगळे अस्सल एकामागोमाग येत होते, नाकं खाली घालून.

पुन्हा एकच ढीग झाला. अंधारात कुणाची शेपटी कुणाच्या गळ्यात, काही कळेना. सयाजीने धुरपदेच्या अंगावर डोकं टेकलं. "चुकलोच गं मी," तो पुटपुटला आणि झोपी गेला.

थंडी सरली. ढीग सुटला. सयाजी बाहेर येऊन खडकावर पसरला. अंगात ऊब भरली, तशी अक्कलही भरली.

"जरा तिकडे सरक," तो धुरपदेला म्हणाला. "हा उत्तर-दरीचा खडक आहे."

धुरपदा बघतच राहिली. "आणि गुहेत काय पुटपुटलात?"

"ते थंडीत गं! थंडीत कोण शुद्धीवर असतं?"

तात्पर्य: एकी हेच बळ, हे अगदी खरं. पण मुलांनो, ती थंडीपुरतीच ठेवावी. उन्हाळ्यात फार उकडतं.