पाचही पेल्यांत गुलाब

माणसाची खरी पारख त्याच्या नाकावरून होते. डोळे फसतात, कान ऐकीव गोष्टींवर विसंबतात आणि जिभेबद्दल तर न बोललेलेच बरे. नाक मात्र सगळ्या चेहऱ्याच्या पुढे राहून जबाबदारी घेते. हे तत्त्व बेळ्ळंदूर मराठी वारुणी-रसास्वाद मंडळाच्या घटनेत पहिल्याच पानावर नमूद आहे. मंडळ दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेअकराला एका उंच इमारतीच्या क्लबहाउसमध्ये भरते. (खिडकीतून तलाव दिसतो. वाऱ्याची दिशा बदलून त्याची दुर्गंधी आत आली की खिडकी लावून घ्यावी, असा ठराव आहे.)

मंडळाचे दैवत एकच, गेवुर्त्सट्रामीनर नावाची पांढरी वाइन. तिला गुलाबाचा, लिचीचा आणि किंचित आल्याचा वास येतो असे जाणकार सांगतात, आणि मंडळात सगळे जाणकारच आहेत. गेल्या वर्षीच्या पाहणीत अकरा कायम सभासदांपैकी आठ जणांनी लिची कधी खाल्लेली नव्हती. वास मात्र अकराही जणांना येत होता. संस्थेची प्रगती मोजायला याहून चांगले माप कुठले असणार! नावाचा उच्चार फक्त अध्यक्ष करतात, बाकीचे तिला आदराने 'ती' म्हणतात. (उच्चारावरून मैत्री तुटल्याची दोन प्रकरणे इतिवृत्तात आहेत.) तोंडात घोळवून झाल्यावर ती जिच्यात थुंकायची, त्या वस्तूला पिकदाणी म्हणायला बंदी आहे. तिचे नाव त्यागपात्र.

पुरुषोत्तम या मंडळाचा चौदा महिन्यांचा उमेदवार सभासद. पुण्याहून बेंगळुरूला येऊन त्याला तीन वर्षे झाली होती. मारतहळ्ळीत शेजारच्या दाराशी त्याचा संबंध चुकून आलेल्या पार्सलांपुरता होता, आणि ऑफिसात तो एक कर्मचारी क्रमांक होता. रविवारी 'या पुरुषोत्तम' म्हणून हाक मारणारी जागा या शहरात एवढीच, आणि ती त्याला मनापासून हवी होती. अडचण त्याच्या प्रामाणिक नाकाची होती. कायम सभासद होण्याच्या पहिल्या परीक्षेत त्याने वासाच्या रकान्यात 'भिजवलेले मनुके' असे लिहिले, दुसऱ्या परीक्षेत 'नव्या वहीचा पुठ्ठा' आणि तिसऱ्या परीक्षेत 'सर्दी झाली आहे'. चौथ्यांदा नापास होणाऱ्याचे नाव कलम नऊनुसार कमी होते.

चौथ्या परीक्षेच्याच दिवशी मल्लेश्वरममध्ये दूरच्या नात्यातल्या ठकुबाई मावशीच्या नातवाची मुंज आली. मुहूर्त सकाळी सातचा होता. अक्षता टाकून तो हळूच निघाला, तर दारात मावशी अत्तरदाणी घेऊन उभी. तिच्या घराण्याची बेंगळुरात चौथी पिढी चालू आहे, आणि अत्तर लावल्याशिवाय तिच्या दारातून पाहुणा बाहेर गेलेला नाही.

"असा कसा जातोस रे? हात पुढं कर. स्वल्प अत्तर लावते."

"नको मावशी, मला जायचंय तिथं वास चालत नाही."

"वास चालत नाही म्हणजे? दवाखाना आहे काय? आण तो दुसरा पण हात."

अत्तर गुलाबाचे होते आणि मावशीचा हात सढळ होता. मल्लेश्वरम ते बेळ्ळंदूर या प्रवासात माणसाचा उत्साह, इस्त्री आणि फोनची बॅटरी उतरते. अत्तर उतरले नाही. कलम चार (ब) पुरुषोत्तमला पाठ होते: 'सभासदाने कोणतेही सुगंधी द्रव्य लावून येऊ नये, आल्यास त्यास बाहेर बसवावे.' क्लबहाउसच्या बेसिनवर त्याने तीनदा हात धुतले. त्यामुळे मनगटाच्या मागे असलेले अत्तर दहाही बोटांवर समप्रमाणात पसरले.

आणि पेले भरून हातात देण्याचे काम घटनेनुसार उमेदवाराचे असते.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बाटल्या मांडल्या होत्या. त्यांपैकी 'ती' कोणती, हे ओळखायचे. पुरुषोत्तमने पहिला पेला अध्यक्ष गिरीराज सरांना दिला. सर युरोपात सलग अकरा दिवस राहून आलेले आहेत. त्यांनी पेला फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गुलाब."

अकराही जणांनी 'हीच ती' असे लिहिले. दुसऱ्या पेल्यालाही गुलाब आला, सरांच्या मते थोडा पोक्त. तिसऱ्याला सकाळचा गुलाब आला, चौथ्याला कुंडीतला. पाचव्याच्या वेळी सर गंभीर झाले. "आज कार्यकारिणीनं पाचही तीच ठेवलेली दिसते. ही धीराची परीक्षा आहे."

"खरं आहे सर," महांतेश म्हणाला. "मला तर चूळ भरायच्या पाण्यात पण लिची येतीय बघा." (महांतेशच्या घरची विजापूरकडे द्राक्षबाग असल्याने त्याचे मत दीड धरतात.)

पुरुषोत्तमला घाम फुटला, आणि घामाने अत्तर आणखी दरवळले. पण नाक काही केल्या खोटे बोलेना. त्याने पाचही रकान्यांत लिहिले, 'ठकुबाई मावशीचं अत्तर'.

चिटणीस भाग्यलक्ष्मीबाईंनी बाटल्यांवरचे कागद काढले. पाच बाटल्या, पाच वेगळ्या वाइन, आणि पाचांत ती नव्हतीच.

"अय्यो, ती माझ्या फ्रिजमध्येच राहिली की!" त्या म्हणाल्या.

वारा फिरला असावा, पण खिडकी लावायला कोणी उठले नाही. इतके दिवस नाकाने कांदे सोलणारी अकरा माणसे आपापल्या कागदाकडे पाहत राहिली. पुरुषोत्तमला त्यांची फार कणव आली. तो उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "सर, चूक माझी आहे. अत्तर लावून आलो. मला बाहेर बसवा."

गिरीराज सरांनी हात हुंगला. मग महांतेशने हुंगला, मग रांगेने सगळ्यांनी. बराच वेळ विचार करून सर म्हणाले, "अत्तर गुलाबाचं. तीही गुलाबाची. म्हणजे आपण गुलाब अचूक ओळखला. चुकली ती बाटली."

बाटली चुकल्याचा ठराव साडेअकरा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. पुरुषोत्तमची परीक्षा पुढच्या महिन्यावर गेली.

पुढच्या महिन्यात पुरुषोत्तम हात कोरडे ठेवून आला आणि भाग्यलक्ष्मीबाई खरीखुरी गेवुर्त्सट्रामीनर घेऊन आल्या. पेले भरले गेले. अकरा नाके आत गेली आणि नाराज होऊन बाहेर आली.

"काहीतरी कमी आहे," सर म्हणाले. "हिला गेवुर्त्सट्रामीनर म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"मागच्या खेपेसारखी मजा नाही बघा," महांतेश म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा पुरुषोत्तमच्या हातांकडे वळल्या. कलम चार (ब) मध्ये 'पेले भरणारा वगळून' एवढे तीन शब्द जागच्या जागी घालण्यात आले, आणि पेले भरण्याचे काम कायमचे असल्यामुळे ते करणाऱ्याचे सभासदत्वही कायमचे झाले. आता तिसऱ्या रविवारी पुरुषोत्तम आधी मल्लेश्वरमला जातो. मावशी विचारते, "आज कुणाची मुंज रे?" तो नुसता हसतो आणि हात पुढे करतो. बेळ्ळंदूरला दार उघडताच अकरा जण एकदम म्हणतात, "या पुरुषोत्तम!" त्याला फार बरे वाटते. हल्ली त्यालाही लिचीचा वास येतो.

मंडळात एक जागा रिकामी आहे. त्या वाइनचे नाव या कथेत तीन वेळा आले. तिन्ही वेळा पहिली दोन अक्षरे वाचून आपण पुढे सरकलात, आणि तिच्या वासाचे वर्णन वाचताना मान मात्र बरोबर डोलावलीत. आपल्याला परीक्षा माफ आहे.